बियांपासून कळलावी

विदर्भातल्या झुडपी जंगलात, बांधावरच्या काटेरी कुंपणात पावसाळ्यात पिवळ्या-लाल ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी कंदापासून लवकर फुलते. बियांपासून फूल यायला तीन-चार वर्षं लागतात. तरी बीच लावावं. जंगलातला कंद उपटला की तिथली वेल संपली.

दिवाळीच्या सुमारास बोंडं वाळून उकलतात, आत लाल बिया दिसतात. हातमोजे घालूनच काढा. कळलावीच्या सगळ्या भागांत, कंदात तर फारच, कोल्चिसिन हे जहाल विष असतं. बिया रात्रभर भिजवून रेतीत चोळा म्हणजे लाल गर सुटेल. मग सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवा. ताजं बी सहसा रुजत नाही, त्याला काही महिने विश्रांती लागते.

नागपूरच्या मे महिन्यात कुंडीतली माती भाजून निघते, म्हणून पेरणी मृगाचा पाऊस स्थिरावल्यावरच. नुसती काळी माती नको, ती पाणी धरून ठेवते आणि कोवळा कंद सडतो. माती, जाड रेती आणि चाळलेलं जुनं शेणखत समप्रमाणात घ्या. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून एक सेंटिमीटर खोल पेरा. काही तीन आठवड्यांत उगवतात, काहींना तीन महिने लागतात. कुंडी लवकर उलटी करू नका.

पहिल्या वर्षी गवतासारखी दोन-चार पानंच दिसतील. रोपं खरी मरतात ती हिवाळ्यात. पानं पिवळी पडली की रोप वाळलं असं समजून लोक पाणी वाढवतात, आणि आतला वाटाण्याएवढा कंद कुजतो. पानं पिवळी होताच पाणी बंद करा. कुंडी उन्हाळाभर सावलीत, कोरडी ठेवा. वर नावाची चिठ्ठी हवीच, नाहीतर कुणी रिकामी समजून त्यात कोथिंबीर पेरेल.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, रोहिणी नक्षत्रात, कोंब फुटण्याआधी कंद बारा इंची कुंडीत आडवा, पाच-सात सेंटिमीटर खोल लावा. कोंब कंदाच्या टोकाला असतो आणि खडूसारखा मोडतो. मोडला की त्या बाजूने वेल येत नाही. वेल पानांच्या टोकांनी आधार पकडते. जाड बांबूला तिचा विळखा बसत नाही. तुराटी किंवा बारीक तार द्या.

पावसाळ्यात काळ्या अंगावर लाल-पांढरे ठिपके असलेल्या अळ्या दोन दिवसांत पानं फस्त करतात. सकाळी चिमट्याने वेचा. फूल आल्यावर बी हवं असेल तर परागकण ब्रशने दुसऱ्या झाडाच्या फुलाला लावा. फुलाच्या मधली काटकोनात वळलेली दांडी शोधायला सोपी असते; तिच्या टोकाला कुक्षी, म्हणजे परागकण घेणारा भाग, असते.

घरात लहान मूल किंवा शेळी असेल, तर ही कुंडी त्यांच्या आवाक्यात नको. कंद रताळ्यासारखा दिसतो.