नागिणीवर मलम चोपडण्याआधी: या चुका टाळा

कमरेच्या एका बाजूला आग आग, दोन दिवसांत त्याच पट्ट्यात पाण्याचे फोड. नाक्यावरचा केमिस्ट ‘इन्फेक्शन आहे’ म्हणत ट्यूब पुढे सरकवतो: बुरशी, जिवाणू, खाज, सगळ्यांवर एकच मलम. खाज थांबते ती त्यातल्या क्लोबेटासॉलसारख्या कडक स्टेरॉइडने. पण नागीण होते विषाणूने, आणि विषाणूवर त्यात काहीच नसतं.

विषाणू वाढू लागला की त्वचेची पेशी, म्हणजे केराटिनोसाइट, त्याचा दुहेरी आरएनए टीएलआर-३ सारख्या संवेदकांनी ओळखते आणि इंटरफेरॉन हे इशारा देणारं प्रथिन सोडते. त्याने शेजारच्या पेशी सावध होतात आणि विषाणूला आपल्यात वाढू देत नाहीत. लाली आणि सूज याच धावपळीतून येते. स्टेरॉइड नेमकी ती दाबतं. दोन-तीन दिवस बरं वाटतं, मग पुरळ फोफावतं, आणि तोवर औषधाची वेळ निघून गेलेली असते. असायक्लोवीर हे विषाणूविरोधी औषध (मोठ्यांना ८०० मिग्रॅ, दिवसातून ५ वेळा, ७ दिवस) पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू झालं तर खरा फायदा. किडनीचा त्रास असेल तर डोस बदलतो, म्हणून डॉक्टरांनाच विचारा. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड दिसले तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठा. आणि वेढा पूर्ण झाला की माणूस जातो, ही भीती एकदाची सोडा.

चामखीळ ब्लेडने कापणारे तर धन्यच! चामखिळीचा विषाणू, एचपीव्ही, मुळात बारीक खरचटण्यातून तळाच्या थरात शिरतो. तो पेशी फोडत नाही, रक्तात उतरत नाही, त्यामुळे पहारेकऱ्यांना सुगावा उशिरा लागतो. कापलंत की त्याला नवी दारं उघडून दिलीत. त्यापेक्षा पाय ५ मिनिटं कोमट पाण्यात, भोवती व्हॅसलीन, वर सॅलिसिलिक अॅसिड, रोज रात्री, १२ आठवडे. आठवड्यात कंटाळणाऱ्यांनी सुरूच करू नये. चेहऱ्यावर, जननेंद्रियांवर आणि मधुमेही पायांवर हा प्रयोग नको.

चामखीळ असताना घरात सगळ्यांची एकच वजरी? बदला.

जंतुनाशक साबणाने दिवसातून चारदा अंघोळ करू नका. त्वचा आम्लधर्मी, पीएच ५ च्या आसपास; बहुतेक साबण-वड्या ९ ते १०, म्हणजे उलट अल्कधर्मी.

ओठावर ‘जर’ (हर्पिस विषाणूचे फोड) आलेला असेल तर एक्झिमा असलेल्या बाळाचा पापा घेऊ नका. अशा त्वचेत एलएल-३७ हे विषाणूरोधक पेप्टाइड कमी पडतं, आणि हर्पिस अंगभर पसरू शकतो. ताप आणि खळगे पडलेले एकसारखे फोड दिसले तर सकाळची वाट न पाहता इमर्जन्सीत न्या.