महापालिका, झेडपी, ग्रामपंचायत: मतदानाला जाताना कोणतं ओळखपत्र न्यायचं?

आधी यादी, मग कार्ड. खिशात मतदार ओळखपत्र असलं तरी प्रभागाच्या यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही. राज्य निवडणूक आयोग नावं स्वतः नोंदवत नाही. विधानसभेची यादी प्रभाग किंवा गणानुसार (गण म्हणजे पंचायत समितीचा मतदारसंघ) फोडतो. २०२५-२६ च्या निवडणुकांना १ जुलै २०२५ ची यादी धरली होती, त्यानंतर नोंदलेली नावं त्यात आली नाहीत. फोडताना माणसं शेजारच्या प्रभागात जातात, म्हणून प्रारूप यादी लागली की हरकतीच्या मुदतीतच नाव पाहा. यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक टिपून ठेवा, केंद्रावर वेळ वाचतो.

मतदार ओळखपत्र सापडत नसेल तर आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना, फोटो असलेलं सरकारी नोकरीचं ओळखपत्र, मनरेगा जॉबकार्ड, फोटोसह दिव्यांगत्वाचा दाखला किंवा पेन्शनची फोटो असलेली कागदपत्रं यांपैकी एक चालतं. पासबुकाच्या बाबतीत मात्र बरेच जण फसतात: आयोगाच्या यादीत फोटो असलेलं राष्ट्रीयकृत बँकेचं किंवा टपाल खात्याचं पासबुक आहे. गावाकडे घरोघरी असलेलं जिल्हा बँकेचं किंवा पतसंस्थेचं पासबुक त्यात बसत नाही. रेशनकार्ड आणि खासगी कंपनीचं ओळखपत्रही नाही. उमेदवाराचे कार्यकर्ते वाटतात ती चिठ्ठी फक्त क्रमांक शोधायला, ओळख पटवायला नाही.

मूळ कागद न्या. केंद्रात मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे गॅलरीतल्या आधारच्या फोटोवर विसंबू नका.

लग्नानंतर आडनाव बदललेल्यांनी यादीतल्या नावाशी जुळणारा कागद निवडावा. यादीत माहेरचं नाव आणि हातात सासरच्या नावाचं आधार, असं झालं की केंद्रावरचा उमेदवाराचा प्रतिनिधी हरकत घेतो आणि रांग खोळंबते. ‘स्मिता’चं ‘समिता’ झालं असेल तर फोटो आणि बाकी तपशिलावरून बहुधा निभावतं.

नावापुढे दोन तारे (**) दिसले तर ते संभाव्य दुबार नाव समजलं गेलंय. तिथे दुसरीकडे मत दिलेलं नाही, देणार नाही, असं लिहून घेतात आणि ओळख अधिक काटेकोर तपासतात. अशांनी मतदार ओळखपत्रच न्यावं.

तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर माघारी फिरू नका. केंद्राध्यक्षांकडे ओळख पटवून प्रदत्त मत मागा. ते यंत्रावर नाही, कागदी मतपत्रिकेवर देतात.