शिनाण्यांचं नॉर्वेजियन नाव: छापण्याआधी फोटो बघा

किनाऱ्यावरच्या शॅकच्या (छोट्या हॉटेलच्या) मेनूवर शिनाण्यांचं, म्हणजे खायच्या शिंपल्यांचं, नॉर्वेजियन नाव हवं असेल, तर भाषांतराच्या ॲपला बोलून विचारू नका. इंग्रजीत शिनाणे आणि स्नायू, दोन्हींचा उच्चार ‘मसल’च. ॲपने ‘मुस्केल’ दिलं की पाहुण्यांच्या ताटात रवा-फ्राय स्नायू!

१. इंग्रजी शब्द (mussel) टाइप करा, सोबत ‘सीफूड’ जोडा.
२. आलेलं उत्तर गूगलच्या फोटो-शोधात टाका. काळसर-निळे शिंपले दिसले की झालं. तो शब्द ‘ब्लोशेल’. आपले शिनाणे हिरवट, पण पाहुण्याला कळतं.
३. स्पेलिंग कॉपी-पेस्टच करा, नाहीतर ‘ए’वरचं वर्तुळ (å) हमखास गळतं.

ॲलर्जीची सूचना मात्र वेगळी लिहा. नॉर्वेच्या ॲलर्जीच्या यादीत सुंगटं-कुर्ल्या (कोळंबी-खेकडे) ‘स्काल्डीर’ गटात मोडतात, शिनाणे-तिसऱ्या ‘ब्लोटडीर’ गटात.