कुवेतची सांस्कृतिक घडण अभ्यासायला घेताना

कुवेतचा सांस्कृतिक इतिहास अभ्यासायला घेणारे बरेच विद्यार्थी तेलापासून सुरुवात करतात. कुवेतमधल्या बुरगान या ठिकाणी फेब्रुवारी १९३८ मध्ये तेल लागलं, जून १९४६ मध्ये पहिली निर्यात झाली, पैसा आला आणि त्यामागून शाळा, मासिकं, नाटकं आली, अशी ती मांडणी असते. तारखा समोर ठेवल्या की ती टिकत नाही. मुबारकिया शाळा १९११ची, अहमदिया १९२१ची, साहित्य मंडळ १९२४चं, पहिलं मासिक १९२८चं. गावाला प्यायचं गोडं पाणीसुद्धा शत्त अल-अरब नदीतून होड्यांनी आणावं लागे, त्या दिवसांतली ही कामं आहेत. म्हणून नव्याने येणाऱ्यांना आमचा पहिला सल्ला: सुरुवातीचे तीन महिने १९४६ च्या पुढचं काही वाचू नका.

त्या तीन महिन्यांत समुद्राचं अर्थकारण नीट समजून घ्या. मोत्यांचा मुख्य हंगाम उन्हाळ्यातले साधारण चार महिने चाले. होडीवर नाखुदा म्हणजे कप्तान, घैस म्हणजे बुडी मारणारा, सैब म्हणजे त्याला दोराने वर ओढणारा, आणि नह्हाम म्हणजे कामाच्या तालावर गाणी म्हणणारा. हंगामाआधी खलाशांना उचल मिळे, हंगामानंतर हिशेब होई आणि पुष्कळदा तो कर्जातच संपे. दुसरीकडे बूम नावाची मोठी जहाजं बसऱ्याचा खजूर घेऊन कराची, मुंबई, मलबार आणि पूर्व आफ्रिकेला जात आणि परत येताना लाकूड, तांदूळ, कापड आणत. या दोन धंद्यांत ज्यांच्या हाती पैसा राहिला त्या व्यापाऱ्यांनी शाळा काढल्या. त्यांनी बाहेरच्या बंदरांतल्या शाळा, वर्तमानपत्रं आणि छापखाने डोळ्यांनी पाहिले होते. देणगीदारांची नावं लिहाल तेव्हा त्याच पानावर घैसाच्या कर्जाचंही लिहा. त्या देणग्यांमागे त्याचे श्रम होते, आणि बहुतेक पुस्तकांत या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत पडतात.

यानंतर एकच संस्था घ्या आणि तिचा पूर्ण माग काढा. मुबारकिया शाळा यासाठी सर्वांत चांगली. तिच्या आधी कुत्ताब म्हणजे जुन्या पद्धतीच्या पाठशाळा होत्या, तिथे कुराण, लिहिणं-वाचणं आणि जुजबी हिशेब शिकवत. यूसुफ बिन ईसा अल-किनाई यांनी पुढाकार घेतला, व्यापाऱ्यांनी वर्गणी दिली आणि तिच्यातला मोठा वाटा मुंबईत पेढी असलेल्या अल-इब्राहीम घराण्याकडून आला. प्रत्येक संस्थेला चार प्रश्न विचारा: पैसे कुणी दिले, शिकवायला कोण आलं, काय शिकवलं आणि विरोध कुणी केला. चौथा प्रश्न गाळू नका. अहमदियात इंग्रजी आणि आधुनिक विषय घ्यायचे ठरले तेव्हा जुन्या वळणाच्या मंडळींनी हरकत घेतली. समाजात कशावर वाद होता हे देणग्यांच्या यादीतून कळत नाही, हरकतींतून कळतं.

मुबारकियाची तारीख हा उत्तम सराव आहे. शाळा १ मुहर्रम १३३० ला उघडली, म्हणजे २२ डिसेंबर १९११. हिजरी १३३० चा जवळजवळ सगळा काळ १९१२ मध्ये येतो, म्हणून नुसतं हिजरी वर्ष पाहणारे १९१२ लिहितात. अशी एका वर्षाची तफावत अनेक संस्थांच्या बाबतीत आढळेल. टिपणात दोन्ही तारखा लिहा, दिवस-महिना मिळाला असेल तरच इसवी सन पक्का माना, नाहीतर ‘१९११-१२’ असं लिहून सोडा.

पुढचा टप्पा १९३६ चा. व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने शिक्षण मंडळ स्थापन झालं आणि त्याच्या खर्चासाठी आयातीवरच्या जकातीत अर्धा टक्का वाढ झाली. हा अर्धा टक्का महत्त्वाचा आहे, कारण मर्जीवरच्या देणगीची जागा इथे नियमित उत्पन्नाने घेतली. नैसर्गिक मोत्यांचा बाजार जपानी संवर्धित मोती आणि जागतिक मंदी यांनी बसवला होता, अशा पडत्या काळात हे घडलं. त्याच वर्षी पॅलेस्टाइनहून चार शिक्षक आले, आणि १९३७ मध्ये मुलींची शाळा सुरू झाली. पुढे विद्यार्थी कैरोला पाठवले जाऊ लागले आणि तिथल्या ‘बैत अल-कुवैत’ या कुवेती विद्यार्थ्यांच्या निवासातून १९४६ ते १९५४ या काळात ‘अल-बिअसा’ हे मासिक निघालं. तेलाच्या पैशातून पुढे जी सांस्कृतिक खाती उभी राहिली, त्यांतले काही महत्त्वाचे लोक या मासिकाच्या अंकांत तरुणपणी भेटतात. संपादक अब्दुलअझीझ हुसेन त्यांपैकीच.

मासिकं वाचताना छपाईचं ठिकाण आधी पाहा. अब्दुलअझीझ अल-रुशैद यांनी १९२८ मध्ये ‘अल-कुवैत’ काढलं तेव्हा देशात छापखानाच नव्हता. पहिला छापखाना १९४७ चा, आणि देशातच छापलेलं पहिलं मासिक १९४८ चं ‘काझिमा’. अंक बाहेर छापला जाई तेव्हा मजकूर जाऊन अंक परत येईपर्यंत वेळ जाई, त्यामुळे अंकावरचा महिना आणि वाचकाच्या हातात पडल्याचा महिना एक धरू नका. मन्सूरिया भागातलं कुवेत संशोधन व अभ्यास केंद्र १९९२ मध्ये स्थापन झालं. त्याने काही जुनी मासिकं आणि कागदपत्रं पुन्हा छापली आहेत. मूळ अंकांच्या मागे धावण्याआधी तिथली प्रकाशन सूची मागा.

मराठी अभ्यासकाला इथे एक सोय आहे, आणि तिचा उपयोग फार कमी होतो. आखाताचा कारभार पाहणारी इराणच्या बुशहर बंदरातली ब्रिटिश रेसिडेन्सी म्हणजे राजकीय कचेरी १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होती. त्यामुळे मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात राजकीय विभागाच्या खंडांत आखाताचा पत्रव्यवहार आहे. जाताना संस्थेचं पत्र आणि ओळखपत्र न्या, आणि विषय सांगण्यापेक्षा विभाग, वर्ष आणि खंड क्रमांक सांगून मागणी करा; नुसतं ‘कुवेतवरचं काही’ म्हटलं तर हाती काही लागत नाही. १८७३ नंतरच्या काळासाठी दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार. कुवेतमध्ये ब्रिटिश पोलिटिकल एजंट १९०४ पासून होता. त्या कचेरीच्या फायली लंडनला आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ कतार डिजिटल लायब्ररीवर फुकट वाचता येतात. बुशहरच्या फायलींची मालिका आर/१५/१, कुवेतची आर/१५/५. शोधताना आजच्या स्पेलिंगवर थांबू नका. जुन्या कागदांत ‘कोवेट’ अशा उच्चाराची स्पेलिंगं येतात, आणि त्याहून जुन्या कागदांत ‘ग्रेन’, म्हणजे कुरैन हे गावाचं जुनं नाव. अल-किनाई हे आडनावही कुठे ‘जनाई’ असं दिसतं. प्रत्येक व्यक्तीसाठी नावाच्या सगळ्या रूपांचं एक टिपण ठेवा, नाहीतर एका माणसाची दोन माणसं होतात.

या फायलींवर एकट्यावर भिस्त ठेवू नका. एजंट व्यापार, बंदोबस्त आणि शेजारच्या सत्तांबद्दल लिहितो. शाळेत कोणता धडा शिकवला यात त्याला रस नसतो. अल-रुशैद यांचा १९२६ मधला इतिहास शेजारी ठेवून वाचलं की कोण काय गाळतं ते दिसतं. १९३८ ची विधान परिषद हा याचा कस लागणारा विषय आहे: चौदा निवडलेले सदस्य, त्याच वर्षी बरखास्ती, आणि शिक्षणाचं काम पुढे नेणाऱ्या व्यापारी वर्तुळांशी जवळचा संबंध. ब्रिटिश नोंदी, घराण्यांच्या आठवणी आणि अधिकृत इतिहास इथे एकमेकांशी जुळत नाहीत. तिन्ही बाजू मांडा, निकाल देण्याची घाई करू नका.

पैशाच्या आकड्यांतही चूक होते. कुवेतमध्ये भारतीय रुपया चालत होता, १९५९ पासून आखाती रुपया आला आणि १ एप्रिल १९६१ ला दिनार सुरू झाला, तेव्हा १३⅓ रुपयांना एक दिनार असा दर होता. तो दर घेऊन १९११ च्या देणगीचे दिनार करू नका. रुपयातच लिहा, आणि तुलना त्या काळच्या पगाराशी किंवा तांदळाच्या भावाशी करा.

संगीताला वेगळा वेळ द्या, कारण मुंबईशी सर्वांत जिवंत नातं तिथे आहे. ‘सौत’ या शहरी गानप्रकाराचा प्रवर्तक मानला जाणारा एकोणिसाव्या शतकातला कवी-गायक अब्दुल्ला अल-फरज मुंबईत वाढला. त्याच घराण्यातले खालिद अल-फरज मुबारकियात शिकवून मुंबईला आले आणि त्यांनी इथे छापखाना काढला. सौत ऐकताना आधी ऊद आणि मिरवास यांचा संवाद पकडा. ऊद हे तंतुवाद्य, आणि मिरवास म्हणजे हातात मावणारा दोन तोंडांचा लहान ढोल. मग अरबी आणि शामी हे दोन तालप्रकार वेगळे ओळखायला शिका, आणि शेवटची ‘तौशीहा’, म्हणजे समारोपाचा भाग, कुठे सुरू होते ते खुणेने लिहून ठेवा. गाण्यात भारतीय रंग दिसला की तो लगेच राग म्हणून ओळखण्याचा मोह होतो. लिखित पुरावा नसेल तर तो निष्कर्ष काढू नये.

१९४६ नंतरचा भाग आता लवकर उलगडतो. डिसेंबर १९५८ मध्ये ‘अल-अरबी’ हे मासिक निघालं, संपादक इजिप्तचे अहमद झकी. नाटकासाठी इजिप्तचेच झकी तुलैमात आले आणि १९६१ मध्ये अरब नाट्यमंडळी उभी राहिली. विद्यापीठ १९६६ चं, संस्कृती-कला-साहित्य राष्ट्रीय परिषद १९७३ ची, ‘आलम अल-मअरिफा’ ही मासिक ग्रंथमाला १९७८ ची. बाहेरचे जाणकार बोलवायची रीत १९३६ च्या चार शिक्षकांपासूनच होती. आता तिच्यामागे सरकारी तिजोरी उभी राहिली. नुसती इमारतींची यादी केली तर हा धागा सुटतो. १९९० च्या इराकी ताब्यात राष्ट्रीय संग्रहालय लुटलं आणि जाळलं गेलं, तिथलं ‘अल-मुहल्लब’ हे १९३७ चं जहाजही जळालं. आज दिसतं ते नव्याने बांधलेलं आहे. म्हणून वस्तूबद्दल लिहिताना ती १९९० आधीची की नंतरची, हे विचारून घ्या.

भाषेची तयारी दोन टप्प्यांत करा. आधी लिखित अरबी, किमान दोन वर्षं. मुंबई विद्यापीठात अरबी विभाग आहे. ‘अल-अरबी’चा एक लेख स्वरचिन्हांशिवाय, कोशाच्या मदतीने एका बैठकीत वाचता आला की पुढे जा. मग बोली. कुवेती बोलीत ‘क’चा खोल उच्चार बहुधा ‘ग’ होतो, म्हणून कहवा ‘गहवा’. ‘ज’ अनेकदा ‘य’ होतो, म्हणून मस्जिद ‘मस्यिद’. मुलाखत उतरवताना ऐकू येतं तसं लिहा आणि शेजारच्या रकान्यात लिखित रूप द्या.

प्रत्यक्ष कामासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि पायी फिरणं बंद पडतं. रमजानात वेळा बदलतात, शुक्रवार-शनिवार सुट्टी असते. मुबारकिया बाजारातून सुरुवात करा, मग समुद्राकाठच्या रस्त्यावर सदू हाऊस, संग्रहालय आणि जुन्या अमेरिकन मिशन इस्पितळातलं सांस्कृतिक केंद्र. सदू हाऊसमध्ये जास्त वेळ थांबा. सदू हे वाळवंटातल्या बायकांचं विणकाम. ते २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं, पण व्यापारी आणि शाळांभोवती फिरणाऱ्या इतिहासात या बायका अजूनही जवळजवळ नाहीत.

दिवानियात, म्हणजे घरच्या बैठकीच्या दालनात भरणाऱ्या गप्पांच्या बैठकीत, संध्याकाळी, ओळखीच्या माणसाबरोबर जा. सलाम म्हणून उजवीकडून हस्तांदोलन करत या, कॉफीचा पेला उजव्या हाताने घ्या, पुरे झालं की तो हलवून परत द्या. पहिल्या भेटीत रेकॉर्डर काढू नका, प्रश्नांचा कागदही नको. बहुतेक दिवानिया पुरुषांच्या असतात. अभ्यासक स्त्रियांनी बायकांच्या बैठकींची ओळख आधीच करून घ्यावी, तिथे मुलींच्या पहिल्या शाळांबद्दल जे ऐकायला मिळतं ते पुरुषांकडे मिळत नाही. अमीर किंवा राजघराण्याबद्दलचं बोलणं कायद्याच्या दृष्टीने नाजूक असतं. ते ध्वनिमुद्रित करू नका आणि बोलणाऱ्याचं नाव लिहू नका.

पहिला निबंध तीन हजार शब्दांचा ठेवा आणि विषय एका संस्थेचा, एका दशकाचा घ्या. मुंबईत राहणाऱ्यांसाठी एक विषय हाताशी आहे: १९०० ते १९३० या काळात शहरात पेढी असलेले कुवेती व्यापारी. सुरुवातीला ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या जुन्या डिरेक्टऱ्या पाहा आणि त्यांत अरब नावांचे पत्ते शोधा. ती नावं मुबारकियाच्या देणगीदारांशी ताडून बघा, आणि जुळलेल्या नावांवरून उच्च न्यायालयाच्या प्रोबेट म्हणजे मृत्युपत्रांच्या नोंदींपर्यंत जा.