हॅब्सबुर्ग नकाशांच्या वाटेला जाताय?

हॅब्सबुर्ग घराण्याच्या ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यावर प्रबंध करायचं ठरवलेल्यांना 1867ची तडजोड (जिच्यामुळे ऑस्ट्रिया आणि हंगेरी असे साम्राज्याचे दोन भाग झाले) आणि 1918चा शेवट मी सांगत बसत नाही. ते तुम्हाला येतं. मला बोलायचंय त्या रंगीत भाषिक नकाशाबद्दल, जो प्रत्येक जण सिनॉप्सिसला जोडतो. मीही जोडला होता आणि त्याच्या तावडीतून सुटायला फार काळ लागला.

हा नकाशा बहुधा 1910च्या जनगणनेवरून काढलेला असतो. पण त्या वर्षी भाषेचा प्रश्न सगळीकडे एकच नव्हता. ऑस्ट्रियाच्या भागात विचारलं गेलं, रोजच्या व्यवहारात कोणती भाषा वापरता? हंगेरीत विचारलं, मातृभाषा कोणती? तिथेही मातृभाषा म्हणजे आईची भाषा नव्हे, तर माणूस आपली मानतो, सगळ्यात चांगली आणि आवडीने बोलतो ती. पुन्हा वाचा. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि नकाशावर दोन्हींची उत्तरं एकाच रंगात भरलेली असतात.

याचा परिणाम बघा. व्हिएन्नात कुणाच्या घरी कामाला असलेली चेक बाई दिवसभर जर्मन बोलते, म्हणून ती जर्मन. ऑस्ट्रियाच्या यादीत यिडिशला, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेला, जागाच नव्हती. त्यामुळे साम्राज्याच्या पूर्वेकडच्या प्रांतांपैकी गॅलिशियातले बहुतेक ज्यू पोलिश रंगात गेले आणि बुकोव्हिनातले जर्मन रंगात. ट्रिएस्ट या बंदराच्या शहरात तर इटालियन वर्चस्वाच्या नगरपालिकेने केलेल्या मोजणीवर इतका गदारोळ झाला, की फेरतपासणी करावी लागली. स्लोव्हेन भाषिक सुमारे 37 हजारांवरून जवळपास 57 हजारांवर गेले. शहर तेच, वर्षही तेच! हंगेरीत हंगेरियन भाषिक 54 टक्के होते की 48? हंगेरीच्या राजमुकुटाखालचा स्वायत्त प्रदेश क्रोएशिया-स्लाव्होनिया वगळलात तर 54, धरलात तर 48. दोन्ही आकडे छापलेले सापडतात आणि कोणता कशाचा हे दर वेळी लिहिलेलं नसतं.

बेळगावच्या वादातले आकडे ऐकत मोठं झालेल्या माणसाला हे कळायला हवं होतं. पण नकाशा परक्या मुलखाचा असला की आपण भाबडे होतो.

हंगेरियन भूगोलतज्ज्ञ पॉल टेलेकीचा तो प्रसिद्ध ‘लाल नकाशा’ घ्या. पहिल्या महायुद्धानंतर हंगेरीच्या नव्या सीमा ठरवणारा ट्रियानॉनचा तह 4 जून 1920चा, त्याआधीच्या वाटाघाटींसाठी तो तयार केला होता. आकडे सरकारी जनगणनेचेच. विरळ वस्तीचे डोंगराळ भाग मात्र पांढरे सोडलेले आणि हंगेरियन लोकांना लाल रंग दिलेला. ट्रान्सिल्व्हानियातले डोंगरातले रोमानियन त्यामुळे डोळ्यांत भरतच नाहीत. लबाडी म्हणा किंवा कसब. मी कसब म्हणतो.

घाबरू नका. जनगणनेचे छापील खंड मिळतात, तक्त्यांपुरतं जर्मन काही महिन्यांत जमतं. हस्तलिखितांतली कुरेंट, म्हणजे जुनी जर्मन हस्ताक्षराची लिपी, मात्र त्रास देते आणि तिला आडवाट नाही. ‘आधी नकाशे गोळा करा, भाषा नंतर बघू’ असं सांगणारा गाइड भेटला तर मान डोलवा आणि दुसऱ्या दिवशी जर्मनच्या वर्गाला नाव घाला. भाषांतराच्या ॲपवर प्रबंध उभा करणाऱ्यांविषयी मी सौम्य शब्दांत लिहू शकत नाही, म्हणून लिहीत नाही.

गावांच्या नावांचा तक्ता पहिल्या दिवसापासून ठेवा. प्रेसबुर्ग, पोझोनी आणि ब्रातिस्लाव्हा हे एकच शहर आहे. लेम्बर्ग, ल्वूव्ह आणि ल्विव्हसुद्धा.

आणि जीआयएसमध्ये (संगणकावरच्या नकाशाप्रणालीत) साम्राज्याच्या तिसऱ्या लष्करी सर्वेक्षणाची (1869–1887) नकाशा-शीट बसवणार असाल, तर त्यावरचे रेखांश ग्रिनिचपासूनचे नाहीत. ते कॅनरी बेटांपैकी फेरो या बेटापासून मोजलेले आहेत. सुमारे 17 अंश 40 मिनिटं वजा करा, नाहीतर तुमचं व्हिएन्ना युक्रेनमध्ये क्रिव्ही रिहच्या आसपास जाऊन पडेल.