ओहोटीच्या खडकावरून कागदावर : चित्रकार आणि सागरी जीवशास्त्रज्ञ यांनी एकत्र काम कसे करावे

मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अली येथील प्रवाळांच्या वसाहती उचलून दुसरीकडे हलवण्यात आल्या, तेव्हा या शहराच्या पाण्यात जिवंत प्रवाळ आहेत हे अनेकांनी प्रथमच ऐकले. जे कधी पाहिलेच नाही त्याविषयी आस्था वाटणे कठीण असते, आणि पाण्याखालचे पाहता येईल असे करणे हे चित्रकार आणि शास्त्रज्ञ यांचे सामाईक काम आहे. मात्र शास्त्रज्ञाने माहिती द्यायची आणि चित्रकाराने ती सुशोभित करायची, अशी वाटणी झाली की त्यातून बहुधा भित्तिपत्रकच तयार होते. म्हणून पहिली रेघ ओढण्यापूर्वी दोघांनी एकाच खडकावर उभे राहिले पाहिजे.

सुरुवातीला विषय लहान करावा. ‘समुद्र वाचवा’ हा विषय नव्हे. एका ठरावीक किनाऱ्यावरील एका डबक्यात वर्षभरात कोण राहायला येते आणि कोण निघून जाते, हा विषय आहे. शास्त्रज्ञाला ज्या प्रश्नाचे उत्तर खरोखर हवे आहे असाच प्रश्न निवडावा, कारण मग त्याचे लक्ष शेवटपर्यंत टिकते.

भेटीची वेळ घड्याळावर नव्हे, तिथीवर ठरवावी. मुंबई परिसरात तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. द्वितीयेला रात्री दीडच्या सुमारास भरती, म्हणजे त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी, सकाळी पावणेआठच्या आसपास, पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या दोन-तीन दिवसांत उधाणामुळे पाणी खूप खाली जाते, आणि नेमकी तेव्हाच सकाळची ओहोटी चित्र काढण्याजोग्या उजेडात येते. अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे सर्वांत कमी चढउताराची, भरती-ओहोटी असल्याने पाणी फारसे हटत नाही. ते दिवस टाळावेत. नेमक्या वेळेसाठी छापील भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावेच. पूर्ण ओहोटीच्या तास-दीड तास आधी पोहोचावे आणि पाणी वळू लागताच परतीची वाट धरावी.

खडकावर पहिली वीस मिनिटे शास्त्रज्ञाने काहीही सांगू नये. चित्रकाराने पेन्सिलीने जे दिसेल ते काढावे. त्यानंतर शास्त्रज्ञाने बोलावे, आणि चित्रकाराने तेच डबके दुसऱ्या पानावर पुन्हा काढावे. पहिल्या पानावरचा तपकिरी डाग दुसऱ्या पानावर मिटून बसलेले समुद्रफूल (सी ॲनिमोन) होतो, आणि या दोन पानांमधले अंतर म्हणजेच प्रेक्षकाला जो प्रवास घडवायचा आहे तो. प्रत्येक रेखाटनाशेजारी तारीख, वेळ आणि मोजपट्टी काढावी, म्हणजे ते शास्त्रज्ञालाही नोंद म्हणून उपयोगी पडते.

येथे काही बंधने कठोरपणे पाळावीत. खडक बांधणारे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे नमुना म्हणून त्यांचा तुकडाही उचलू नये. उलटलेला दगड होता तसाच परत ठेवावा. प्रवाळासारख्या दिसणाऱ्या काही मऊ वसाहतींत तीव्र विष असते आणि शंकूच्या आकाराच्या काही शंखांतील गोगलगायी विषारी दंश करतात, म्हणून हात लावण्याचा मोह आवरावा. रंगाचे पाणी किनाऱ्यावर ओतू नये.

कार्यशाळेत परतल्यावर सर्वांत मोलाची गोष्ट असते ती दुरुस्तीची पद्धत. माझ्या मते दुरुस्तीचा अधिकार आधीच वाटून घ्यावा : संख्या, प्रमाण आणि अधिवास यांबाबत शास्त्रज्ञाचा शब्द अखेरचा, रचना, रंगसंगती आणि काय वगळायचे याबाबत चित्रकाराचा. कठीण प्रवाळाच्या पॉलिपला (वसाहतीतील एकेका जीवाला) स्पर्शक सहाच्या पटीत असतात, तर मऊ प्रवाळाच्या पॉलिपला आठ; माकुलाला (स्क्विडला) आठ भुजा आणि दोन लांब स्पर्शक असतात. या संख्या शोभेसाठी बदलता येत नाहीत. लाकडी ठसे किंवा लिनोकट (लिनोलियमवर कोरून घेतलेले छाप) करणाऱ्यांनी तर विशेष जपावे, कारण छापताना प्रतिमा उलटते आणि उजवीकडे वळणारा शंख डावीकडे वळतो. डच चित्रकार रेम्ब्रांटच्या १६५० मधील शंखाच्या प्रसिद्ध छापचित्रात नेमके हेच झाले आहे; सही मात्र त्याने सुलट उमटेल अशी कोरली होती.

रंगाबाबत दोघांनी मिळून निर्णय घ्यावा. पाणी लाल प्रकाश सर्वांत आधी शोषून घेते, त्यामुळे काही मीटर खोलीवर लाल मासा करडा दिसू लागतो. चित्रात पाण्याखालचा खरा उजेड दाखवायचा की विजेरीखाली दिसणारा रंग, हे ठरवून तसे चित्राखाली लिहावे.

माध्यम प्रश्नाला साजेसे असावे. ऑस्ट्रेलियातील टाउन्सव्हिलच्या किनाऱ्यावर शिल्पकार जेसन डिकेअर्स टेलर यांनी घडवलेले ‘ओशन सायरन’ हे शिल्प ग्रेट बॅरिअर रीफमधील डेव्हिस रीफवरून येणाऱ्या, तिथल्या पाण्याच्या तापमानाच्या नोंदींनुसार रंग बदलते. पाणी तापले की ते निळ्याकडून लालीकडे झुकते. एकच मोजमाप निवडल्यामुळे ते रस्त्यावरून जाणाऱ्यालाही समजते. साधने थोडी असतील तर क्रोशाची सुई पुरते. गणितज्ञ दायना तैमिन्या यांनी १९९७ मध्ये दाखवले, की ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवत गेल्यास विणीला अतिपरवलयी (हायपरबोलिक, म्हणजे कडेकडे अधिकाधिक पसरत जाणाऱ्या) पृष्ठाच्या चुण्या पडतात. तशीच चुण्यांची रचना अनेक प्रवाळांत आढळते. हाच धागा धरून मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या भगिनींनी २००५ पासून विणकामाची प्रवाळभिंत उभी केली, आणि तिच्यात अनेक देशांतील हात सहभागी झाले. आपल्याकडे क्रोशे येणाऱ्या स्त्रिया घरोघरी आहेत. त्यांना जीवशास्त्रज्ञासोबत बसवणे अवघड नाही.

श्रेय, मानधन आणि चित्रे पुन्हा वापरण्याचे हक्क पहिल्याच आठवड्यात लिहून घ्यावेत.

चित्रांखालची नावे लिहिताना कोळी आणि गाबीत बांधवांना जरूर सोबत घ्यावे. शास्त्रीय नावाच्या वर माकूल, शिनाणे, कालवे, तिसऱ्या ही नावे मोठ्या अक्षरांत असावीत, कारण ज्यांची उपजीविका या पाण्यावर आहे त्यांना चित्र परके वाटता कामा नये. प्रदर्शन शक्य तो जेट्टीजवळ किंवा मासळीबाजारालगतच्या शाळेत भरवावे, आणि पत्रिकेवर उद्घाटकाच्या नावाआधी त्या दिवसाची ओहोटीची वेळ छापावी, म्हणजे चित्रे पाहून झाल्यावर मंडळींना थेट खडकावर नेता येईल.