प्रसिद्धीसाठी फोटो देताय? कलाकारांनी या चुका टाळा

मैफलींची पोस्टरं आणि पत्रकं करणं हे माझं काम. कलाकाराचा फोटो आला की मी आधी चेहरा नाही, हात बघतो. चेहरा थोडा इकडेतिकडे झाला तर लोक चालवून घेतात; वाद्य चुकलं की जाणकार सोडत नाहीत.

सगळ्यात मोठा घोळ उलट्या फोटोचा, आणि तो मीही घातलाय. एक तबलावादक फोटोत पानाबाहेर बघत होते. त्यांनी मजकुराकडे बघावं म्हणून मी फोटो आरशासारखा फिरवला. पत्रक छापून त्यांच्या हातात गेलं, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "मी डावखुरा कधी झालो?" तबला डाव्या हाताखाली, डग्गा उजव्या! तेव्हापासून फोटो फिरवायचा नाही, पानाची मांडणी बदलायची.

सेल्फीत हे आपोआप होतं. बऱ्याच फोनचा पुढचा कॅमेरा आरशातली प्रतिमाच साठवतो. सेटिंगमध्ये ते बंद करता येतं. शंका आली तर वाद्यावरची किंवा कपड्यांवरची अक्षरं वाचून बघा. व्हायोलिन उजव्या खांद्यावर दिसलं तर फोटो उलटा असण्याचीच शक्यता जास्त, कारण डावखुरे वादकही बहुतेक ते डाव्या खांद्यावरच धरतात. गिटारचं मात्र तसं नाही. पॉल मॅकार्टनी आणि जिमी हेंड्रिक्स हे डाव्या हाताने गिटार वाजवणारे; त्यांचे फोटो कोणी 'सुधारले' तर पंचाईतच! म्हणून आधी विचारा, मग हात लावा.

दुसरी चूक म्हणजे वाजवण्याचं सोंग. व्हायोलिनचा गज घोडीच्या (तारा उचलून धरणाऱ्या पट्टीच्या) पलीकडे टेकलेला, डाव्या हाताची बोटं तारांच्या वर हवेतच. फोटोग्राफरला त्यातलं कळेलच असं नाही, त्यामुळे सोपा उपाय म्हणजे खरंच वाजवा. ओळखीची चीज सुरू करा आणि त्याला टिपू द्या. वाजवायचं नसेल तर वाद्य सरळ मांडीवर ठेवा, तेही छान दिसतं. गायकांच्या फोटोत अर्धं तोंड माइकमागे जातं. फोटोग्राफरने जरा बाजूला सरकून काढला की काम होतं.

नाक मोठं आणि गिटारची मान लांबलचक आलीये? फोन फार जवळ धरलाय. फोनच्या मुख्य लेन्सचा कोन रुंद असतो, जवळची वस्तू फुगते. दोन-तीन मीटर मागे जा आणि दुप्पट झूम वापरा.

त्वचा गुळगुळीत करणारे फिल्टर नकोतच. एआयकडून फोटो 'सजवून' घेतला असेल तर तारा आणि खुंट्या मोजून घ्या. खुंट्या सहा आणि तारा पाच, असलं वाद्य कोण वाजवणार?

फोटो फोनवर झकास, पोस्टरवर धुरकट, ही तक्रार तर नेहमीची. ए४ आकारात ३०० डीपीआयने (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) छापायला साधारण २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. स्क्रीनशॉट तर नकोच. लहान फोटो ताणून मोठा केला तरी हरवलेले बारकावे परत येत नाहीत.

एक उभा आणि एक आडवा, असे दोन फोटो द्या आणि भोवती मोकळी जागा सोडा. तारीख, वेळ, सभागृहाचं नाव कुठेतरी लिहायचं असतं. सतारीची टोकाची खुंटी फोटोच्या कडेला चिकटलेली असली की मला ती कापण्यावाचून गत्यंतर नसतं.

शेवटचं, फोटोग्राफरचं. फोटोचे हक्क कोणाकडे, याचे नियम देशोदेशी वेगळे, त्यामुळे पोस्टर, वर्तमानपत्र, सोशल मीडिया या सगळ्यासाठी परवानगी आधीच लेखी घ्या. फाइलला तुमचं आणि फोटोग्राफरचं नाव द्या. माझ्याकडे 'फायनल-फायनल-२' नावाच्या कितीतरी फाइल पडून आहेत. त्यातले कलाकार कोण, देव जाणे.